व्याह्यांचा दम

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बेनिता चुकिमियाला जावयाची काळजी नव्हती. काळजी होती ती जावयाच्या बापाची.

जावई एर्लान गुणी पोरगा. सान्ता क्रूसकडच्या उष्ण सखल मुलखातला, पण नोकरीसाठी ला पासला येऊन आता इथल्या थंडीला रुळलेला. बेनिताची नोएमी दवाखान्यात परिचारिका होती. एर्लानचा पाय मुरगळला म्हणून तो तिथं गेला, आणि पाय बरा झाल्यावरही जात राहिला. इथवर सगळं छान होतं. पण त्याचे वडील ओर्मांदो फोनवर बोलायचे तेव्हा बेनिता फोन कानापासून हातभर लांब धरायची, तरी शेजारणीला शब्द न् शब्द ऐकू जायचा.

"आठवडाभर आधी या, व्याही," बेनितानं त्यांना सांगितलं होतं. "आमचं एल आल्तो ला पासच्याही वर, कड्यावर. हवा विरळ आहे. आल्यावर एक-दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं."

"पडून राहायला मी काय बाळंतीण आहे का, विहीणबाई? मी बिथरलेले घोडे वळवलेत. हवा काय करणार मला?"

"हवा काही करत नाही. ती नसते, हाच त्रास आहे."

ओर्मांदो खो खो हसले, आणि लग्न शनिवारी असताना गुरुवारी दुपारच्या विमानानं आले.

विमानतळावर बेनिता नवी पोयेरा, म्हणजे घेरदार घागरा नेसून, आपली गोल टोपी नीट तिरकी बसवून उभी होती. शेजारी तिचा नवरा कालिक्स्तो. तो मिनिबस चालवायचा आणि दिवसाला जेमतेम दहा-बारा शब्द खर्चायचा. ओर्मांदो दारातून आले ते दोन्ही खांद्यांवर बॅगा, हातात युकाच्या कंदांची गोणी, डोक्यावर रुंद काठाची हॅट. एर्लान गोणी घ्यायला पुढे झाला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं. मागून त्यांची बायको देल्मिरा अगदी सावकाश, देवाच्या मिरवणुकीत चालावं तशी येत होती. पहिलं बाकडं दिसलं तशी ती त्यावर बसली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी येते माझ्या चालीनं."

बेनितानं तिच्या शेजारी बसून तिला पाण्याची बाटली आणि उंचीचा त्रास कमी करणारी चिमूटभर कोकाची पानं दिली. देल्मिरानं काही न विचारता पानं गालात धरली. पलीकडे ओर्मांदो कालिक्स्तोला विचारत होते, "कुठाय ती तुमची विरळ हवा? मला तर काही वेगळं वाटत नाही."

"उद्या," कालिक्स्तो म्हणाला.

घरी बेनितानं जेवायला किन्वाचं सूप केलं होतं. पातळ, गाजराचे तुकडे घातलेलं, तेलाचा थेंब नसलेलं. नव्यानं वर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच द्यायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. इतक्या उंचीवर पोटसुद्धा दमानं काम करतं. देल्मिरानं अर्धा वाडगा घेतला आणि खोलीत जाऊन पडली.

ओर्मांदोंनी चमचा ढवळून पाहिला. "सूप छान आहे हो. तोंड दिसतंय माझं त्यात." मग एर्लानकडे वळून म्हणाले, "आमच्याकडे पाहुणा आला की वासरू कापतात. इथं गाजर कापतात वाटतं."

बेनिताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डोंगरातले लोक हात आखडणारे, असं खालचे लोक बोलतात हे तिला ठाऊक होतं. ते तिच्या घरात, तिच्याच टेबलावर कुणी बोललं नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या नातेवाइकांसाठी डुकराच्या मांसाचा तिखट रस्सा मोठ्या पातेल्यात शिजत होता. तिनं सर्वांत मोठं ताट काढलं.

"आई, नको," नोएमी हळूच म्हणाली. "आज त्यांना हे पचणार नाही."

"तुझ्या सासऱ्यांना गाजर नकोय."

"म्हणून काय?"

"म्हणून त्यांना मांस." बेनितानं मांसाचे तुकडे रचले, वर चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले काळे बटाटे, ढीगभर घातले आणि बिअरच्या बाटल्या काखेत मारून ती बाहेर आली.

ओर्मांदोंचा चेहरा उजळला. त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं, बाटल्या संपवल्या आणि विहीणबाईंच्या हाताची तोंड भरून स्तुती केली. बेनिता सुखावली. तेवढ्यात गल्लीत बँड वाजायला लागला. लग्नात नाचणारी मंडळी मोरेनादाची तालीम करायला जमली होती. हा नाच संथ, जड पावलांचा. पावलं मोजून टाकायची, अंग डोलवायचं आणि तासन् तास दमायचं नाही. ओर्मांदोंना एवढा धीर कुठला. ते मध्ये घुसले आणि आपल्याकडच्या धाटणीनं उड्या मारत गोल फिरू लागले. बायका टाळ्या वाजवू लागल्या. दुसऱ्या फेरीला त्यांची हॅट पडली. तिसऱ्या फेरीला ते रिकाम्या क्रेटवर बसले, आणि बसले ते बसलेच.

"काय झालं, बाबा?" एर्लाननं विचारलं.

"काही नाही. ते काळे बटाटे. असलं काय खातात लोक?" ओठ मात्र त्या बटाट्यांच्याच रंगाचे झाले होते.

शुक्रवारी सकाळी बेनिता अंगणात आली तेव्हा ओर्मांदो तिच्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि त्याला घोड्याला बोलतात तसं बोलत होते. "हो, राजा, हो. जीन घालतो हं."

देल्मिरा शाल गुंडाळून दारात आली. "रात्रभर तळमळत होते. दोनदा उलटी झाली. तुम्हाला उठवू दिलं नाही मला."

नोएमीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अंगणातल्या फरश्यांमधल्या रेघेवर बोट दाखवलं. "बाबा, या रेघेवरून चालून दाखवता? टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून."

"मला काय शाळेत घालतेस?"

"दाखवा तर."

ओर्मांदो निघाले. दोन पावलं बरी पडली. तिसरं वाकडं पडलं, आणि चौथ्याला ते कपडे धुवायच्या टबात जाऊन बसले. टबात पाणी होतं. ते तिथंच बसून राहिले आणि म्हणाले, "घोड्यावर बसवा, मग बघा मी कसा सरळ जातो."

कोपऱ्यातून कुणी तरी फिस्सकन हसलं. नोएमी हसली नाही. तिनं आईला बाजूला घेतलं. "ही साधी डोकेदुखी नाही. तोल जातोय, बोलणं भरकटतंय. यांना खाली न्यायचं. आत्ता."

"कडक कोकाचा चहा देते ना. थोडं पडले की..."

"आई, डोकं दुखण्यापर्यंत ठीक होतं. आता चहानं काही होणार नाही. खाली उतरणं हेच औषध."

कालचं ते रचलेलं ताट बेनिताच्या डोळ्यांसमोर आलं. पण रडत बसायला सवड नव्हती. तिनं कालिक्स्तोला हाक मारली. "गाडी काढा."

कालिक्स्तोनं कान खाजवला. "रस्ता बंद आहे."

"कुणी केला?"

"आम्हीच."

मिनिबसवाल्यांच्या संघटनेचा त्या दिवशी बंद होता, आणि कालिक्स्तोनं स्वतः पहाटे जाऊन चौकात दगड लावले होते. बेनितानं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो सरळ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेला आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर खांद्यावर टाकून परत आला.

"केबल कार," तो म्हणाला.

ओर्मांदोंना कोरडे कपडे घातले, नाकावर मास्क लावला आणि एका बाजूनं एर्लान, दुसऱ्या बाजूनं कालिक्स्तो असे त्यांना धरून स्टेशनपर्यंत नेलं. पिवळ्या लाइनचा पाळणा कड्यावरून सुटला आणि पायांखाली अख्खं ला पास शहर उघडं पडलं, विटांच्या घरांनी भरलेल्या भल्यामोठ्या वाडग्यासारखं. बिथरलेले घोडे वळवणाऱ्या माणसानं डोळे गच्च मिटले आणि बेनिताच्या शालीचं टोक मुठीत धरलं.

"विहीणबाई, हे पडलं तर?"

"पडलं तरी खालीच जायचंय आपल्याला."

मास्कच्या आत ओर्मांदो हसल्यासारखे झाले. देल्मिरानं पदरासारखी ओढलेली शाल तोंडाला लावली. ती हसत होती की रडत होती, ते बेनिताला कळलं नाही.

पुढे हिरवी लाइन. पाळणा जसजसा उतरू लागला तसे ओर्मांदोंचे ओठ काळ्याचे जांभळे आणि जांभळ्याचे फिकट झाले. तळाच्या स्टेशनला ते म्हणाले, "माझी हॅट कुठाय?" एर्लाननं मोठा श्वास सोडला. हॅट आठवली म्हणजे माणूस परत येत होता.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, ऑक्सिजन चालू ठेवला, औषध दिलं. रेघेवरून पुन्हा चालायला लावलं. दुपारपर्यंत ते जवळपास सरळ चालत होते.

"आज थोडक्यात निभावलं," बाई म्हणाल्या. "आता अजून खाली दरीत जाऊन राहा. निदान काही दिवस वर जायचं नाव काढायचं नाही."

"पण उद्या माझ्या मुलाचं लग्न आहे. वर."

"असू दे की. लग्न वर होईल, तुम्ही खाली राहाल."

एर्लाननं सोबत आणलेली हॅट पुढे केली, आणि ओर्मांदोंनी ती भुवयांपर्यंत ओढून घेतली.

दरीत मेकापाका गावी बेनिताची मावसबहीण रेमेदियोस राहायची. घरामागे तिची पीचची बाग आणि भाजीचे वाफे होते. हवा उबदार होती आणि मुख्य म्हणजे पुष्कळ होती. ओर्मांदोंना झाडाखाली खाटेवर टाकलं. नोएमी, एर्लान आणि देल्मिरा आत गेली. बेनिता खाटेशेजारी स्टुलावर बसली.

"विहीणबाई," ओर्मांदो आभाळाकडे बघत म्हणाले, "ते कालचं गाजराचं सूप... उरलंय का हो?"

"वर उरलंय. इथं नवीन करते."

"तोंड दिसेल असंच करा."

ती हसली आणि मग म्हणाली, "चूक माझी आहे. मला कळत होतं. तुम्ही बोललात त्याचा राग आला म्हणून वाढलं मी ते मांस."

"तुम्ही वाढलंत. गिळलं मी. बिअर मी प्यायलो, उड्या मी मारल्या." त्यांनी छातीवरची हॅट उगाच फिरवली. "पोरगा इथं येऊन राहिला, दोन महिन्यांत जिने धावत चढायला लागला. फोनवर सांगायचा. मला वाटलं, बापाला धाप लागलेली बघितली तर म्हणेल, म्हातारा झाला. आता त्यानं मला टबात बसलेलं बघितलं."

"कुत्र्यावर जीन घालतानाही बघितलं."

"ते मला आठवत नाही."

"आम्हाला आठवतं. आता जन्मभर आठवेल."

ओर्मांदोंनी हॅट तोंडावर ओढून घेतली आणि हॅटखालून म्हणाले, "लग्न लावून टाका तुम्ही. मी इथं बरा आहे. फक्त कुणी तरी फोटो पाठवा."

बेनिता सूप करायला उठली. गाजर चिरताना तिच्या डोक्यात तो हॉल फिरत होता. रंगीबेरंगी काचांचा, झुंबरांचा, चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा. वर्षानुवर्षं पहाटे उठून बाजारात आपी विकताना ती त्या इमारतीसमोरून गेली होती. जांभळ्या मक्याच्या त्या गरम आपीचं पातेलं डोक्यावर आणि मनात एकच, आपल्या नोएमीचं लग्न इथं, या झुंबराखाली. हॉल मिळाला होता. बँड ठरला होता. अख्खी गल्ली नवी शाल घेऊन तयार होती. आणि इथं एक माणूस हॅटखाली तोंड लपवून फोटो मागत होता.

गाजर संपलं तेव्हा तिचं ठरलं होतं. तिनं हात पुसले आणि फोन उचलला.

"लग्न उद्याच," तिनं थोरल्या आत्याला सांगितलं. "पण चर्च इथलं, जेवण इथं. हॉल परवा."

"शुद्धीवर आहेस ना? नवरदेवाच्या बापाची हवा गेली म्हणून आम्ही सगळ्यांनी डोंगर उतरायचा?"

"हो, आत्याबाई. उतरायला सोपं असतं. आणि एका लग्नात दोनदा जेवायला मिळतंय."

"दोनदा? मग पिवळी शाल कधी पांघरू, आणि हिरवी कधी?"

गावातल्या म्हाताऱ्या पाद्र्यानं थोडी कुरकुर केली. वरच्या पाद्र्यानं फोनवर त्याची समजूत काढली, आणि हॉलवाल्यानं रविवार द्यायचं कबूल केलं. उरला प्रश्न गाड्यांचा. शनिवारीही बंद होता. कालिक्स्तो सकाळी चौकात दगडांपाशी गेला आणि तिथं त्यानं आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण केलं. "मुलीचं लग्न आहे. खाली आहे. गाड्या पाहिजेत. जेवण आहे." संघटनेच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारपर्यंत दगड बाजूला झाले आणि मिनिबसची रांगच्या रांग पाहुण्यांना घेऊन दरीत उतरली.

त्या दिवशी रेमेदियोसच्या बागेत एल आल्तोच्या बायका शाली सोडून घाम पुसत बसल्या होत्या. उकाड्यानं जीव जातोय म्हणत होत्या आणि पीच खात होत्या. ओर्मांदो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. उठायचं तेव्हा उठले, बसायचं तेव्हा बसले, आणि मुलगा "हो" म्हणाला तेव्हा रडले. जेवताना आत्याबाईंनी मुद्दाम त्यांच्यापुढे गाजर ठेवलं. त्यांनी ते कुरकुर चावून खाल्लं.

रविवारी सगळे वर जायला निघाले. देल्मिराही निघाली.

"तू कुठं?" ओर्मांदोंनी विचारलं.

"नाचायला. मी पहिल्या दिवशी झोपले, पाणी प्यायले, पोट हलकं ठेवलं. मला काही होत नाहीये. तुम्ही पडा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

बेनितानं तिला आपली जांभळी पोयेरा नेसवली, टोपी दिली. त्या झुंबरांच्या हॉलमध्ये देल्मिरा मोरेनादाच्या रांगेत उभी राहिली, आणि सगळ्यांत संथ पाऊल तिचंच पडलं. त्या नाचाला तेच लागतं. म्हातारे वाजंत्रीवाले तिच्याकडे पाहून माना डोलवू लागले. बेनिता तिच्या शेजारी नाचली, लेकीबरोबर नाचली, आणि एकदा तर कालिक्स्तोला ओढून त्याच्याबरोबरही नाचली. एर्लाननं फोन उंच धरला होता. फोनमध्ये ओर्मांदो मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलताना दिसत होते. रेमेदियोसनं त्यांना कामाला लावलं होतं. "देल्मिरा, डावीकडे," ते ओरडत होते. "एर्लान, फोन हलवू नकोस. विहीणबाई, मला ते झुंबर दाखवा."

बेनितानं फोन हातात घेतला आणि त्यांना झुंबर दाखवलं. सगळे दिवे, एकेक करून.

पुढल्या वर्षी नातू झाला तेव्हा ओर्मांदो पुन्हा आले. पण या वेळी विमानानं एकदम वर नाही. आधी कोचाबांबाला, म्हणजे मधल्या उंचीवर, आठवडाभर राहिले, मग बसनं हळूहळू वर. घरात शिरल्यावर जे पहिलं बाकडं दिसलं त्यावर बसले. दोन दिवस पडून राहिले, बिअरला हात लावला नाही, दर घोटाला पाणी किती प्यायलं ते देल्मिराला सांगून तिला कंटाळा आणला. नातवाला मांडीवर घेऊन त्यालाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ते बेनिताच्या आपीच्या गाडीवर येऊन बसले. पाठीवर मोठाल्या पिशव्या घेतलेले दोन परदेशी तरुण तिथं आले, आदल्या रात्रीच विमानातून उतरलेले. उन्हानं नाकं लाल झालेली. नकाशावर बोट ठेवून ते एकमेकांना डोंगराचं टोक दाखवत होते आणि आजच चढायचं असं त्यांच्या खुणांवरून दिसत होतं. एकमेकांची भाषा कुणाला येत नव्हती, पण ओर्मांदोंना त्याची अडचण वाटली नाही. त्यांनी एकाचा हात धरून त्याला बसवलं. स्वतःची हॅट काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली. पाण्याची बाटली दाखवली, बिअरच्या दुकानाकडे बोट करून मान हलवली, आणि बाजाराच्या मधोमध उठून हळू चालावं कसं ते चालून दाखवलं, टाचेला बोट लावत, एका सरळ रेघेत. लोक बघत उभे राहिले.

मग ते परत बसले आणि आपली गोष्ट सांगू लागले. हातवाऱ्यांत आणि मोठ्या आवाजात, कुत्रा वगळून, टब वगळून. या गोष्टीत त्यांना सकाळीच शंका आली होती, त्यांनी स्वतःच सगळ्यांना शांत केलं होतं आणि खाली उतरायचा निर्णयही त्यांचाच होता. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती.

देल्मिरानं बेनिताकडे पाहिलं. बेनितानं पळीनं पातेलं ढवळलं, तिघांचे पेले काठोकाठ भरले, आणि व्याह्यांना मध्येच थांबवलं नाही.